काच खाली जाते, वर येत नाही. मोटर बदलण्याआधी हे वाचा

मोटर बदलू नका. निदान अजून तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१४ ची हॅचबॅक आहे. पुढच्या डाव्या दाराची काच ड्रायव्हरजवळच्या स्विचवरून खाली जाते, पण वर येत नाही. त्याच दारावरच्या स्वतःच्या स्विचवरून मात्र वर-खाली दोन्ही नीट चालते. गॅरेजवाल्यांनी सांगितलं, "मोटर गेलीय, मशीनसकट बदलावी लागेल." शिवाय मध्ये बाइकचा धक्का लागल्यापासून उजव्या बाजूचा आरसा मिटताना कट-कट वाजतो. आणि जाता जाता विचारलंय की मुळात हे सगळं चालतं कसं. मी २६ वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो कळला की पहिल्या दोन्हींची उत्तरं तुमची तुम्हीच काढाल.

दाराचं पॅड काढलं की आत फार काही नसतं. एक छोटी डीसी मोटर, तिला चिकटलेला गिअरचा डबा, आणि काच उचलणारी यंत्रणा. या यंत्रणेला कंपनीच्या पुस्तकात रेग्युलेटर म्हणतात, गॅरेजमध्ये सगळे 'मशीन' म्हणतात. मशीन दोन प्रकारची. जुन्या गाड्यांत कात्रीसारखे पोलादी हात असतात, दात पाडलेल्या अर्धचंद्रावर ते उघडतात-मिटतात. आजकालच्या बहुतेक गाड्यांत पिळाची पातळ तार असते. ती एका ड्रमवर गुंडाळलेली, वर-खाली पुलीवरून फिरवलेली, आणि तिला काच धरणारा प्लास्टिकचा सरकता तुकडा बांधलेला. विहिरीवरचा रहाट डोळ्यांसमोर आणा, फक्त पोहरा दोन्ही बाजूंनी दोराला बांधलेला आहे असं समजा. ड्रम एकीकडे फिरला की काच वर, दुसरीकडे फिरला की खाली.

गिअरच्या डब्यातली गंमत बघण्यासारखी आहे. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते एका प्लास्टिकच्या चाकाला फिरवतात. मोटर साधारण ६०-७० फेऱ्या घेते तेव्हा चाक एकदा फिरतं. त्यामुळे मुठीएवढी मोटर तीन-चार किलोची काच चार-पाच सेकंदांत सहज उचलते. पण खरा फायदा वेगळाच आहे. आट्यांनी चाक फिरतं, चाकाने आटे फिरत नाहीत. म्हणून बंद काच बाहेरून कितीही खाली दाबली तरी उतरत नाही, वेगळं कुलूप लागत नाही. याचा तोटाही तोच. मोटर मेली की काच जिथे असेल तिथे अडकते, हाताने ओढून काही होत नाही.

आता वायरिंग. तुमचा सगळा प्रश्न इथेच आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

मोटरला दोनच वायरी असतात. एकीला १२ व्होल्ट आणि दुसरीला अर्थ (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट) दिला की ती एका दिशेने फिरते, अदलाबदल केली की उलटी. सोयीसाठी एका वायरीला 'वर' आणि दुसरीला 'खाली' म्हणू. स्विचला हात लावलेला नसतो तेव्हा दोन्ही वायरी अर्थला टेकलेल्या असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्विच उचलला की फक्त 'वर' ही वायर अर्थ सोडून १२ व्होल्टला जाते, 'खाली' तशीच अर्थवर राहते आणि मोटर फिरते. बोट काढलं की दोन्ही परत अर्थवर. मोटरची दोन्ही टोकं अशी एकमेकांना जोडली गेल्यामुळे तिला आपोआप ब्रेकही लागतो आणि काच जागच्या जागी थांबते.

ड्रायव्हर सोडून बाकीच्या दारांना दोन स्विच असतात, एक मास्टरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरजवळच्या मुख्य स्विचमध्ये, आणि एक त्या दारावर. हे दोन्ही एकापुढे एक जोडलेले असतात. डाव्या दारावरचा स्विच मोकळा असतो तेव्हा तो मास्टरकडून आलेल्या दोन वायरी सरळ मोटरकडे पुढे पाठवतो. तो दाबला की एका वायरीला आपल्याकडचा १२ व्होल्ट देतो, पण दुसऱ्या वायरीचा अर्थ मात्र मास्टर स्विचमधूनच घेतो. म्हणजे डावीकडे बसलेल्या माणसाने काच चालवली तरी त्याचा करंट परत जातो तो ड्रायव्हरच्या कोपराखालून.

आता तुमची तक्रार या नकाशावर ठेवा. दारावरच्या स्विचने काच वर जाते, खाली येते. म्हणजे मोटर ठीक, मशीन ठीक, काच कुठे अडकत नाही. त्यासाठी अर्थ मास्टरमधून येतोय, म्हणजे मधल्या दोन्ही वायरी अखंड आहेत आणि मास्टरचे अर्थचे कॉन्टॅक्टही चांगले आहेत. मास्टरवरून काच खाली जाते, म्हणजे मास्टरला १२ व्होल्टही पोचतोय. मग उरलं काय? मास्टर स्विचच्या आत डाव्या काचेच्या 'वर' वायरीला १२ व्होल्ट देणारा तांब्याचा एक टिकली एवढा कॉन्टॅक्ट. तो काळा पडलाय. मोटर दोषी असती तर तिला कुठल्या स्विचवरून हुकूम आलाय हे कळायला हवं होतं, आणि दोन वायरींच्या मोटरला ते कळत नाही.

नेमका 'वर'चाच कॉन्टॅक्ट आधी का जातो, यालाही कारण आहे. काच खाली येताना वजन मदत करतं, वर जाताना मोटरला जोर लागतो. चालताना साधारण ५ ते ८ अँपिअर खाणारी मोटर काच वर टेकून अडली की २० च्या पुढे जाते. आणि आपली सवय अशी की काच बंद झाली तरी खात्री म्हणून बोट दोन सेकंद तसंच. मग त्या पूर्ण करंटवर बोट सुटतं, कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी उडते. रोज दहा वेळा, दहा वर्षं. दुसरं काय होणार?

उपाय. बॅटरीची निगेटिव्ह काढा. मास्टर स्विचचा कप्पा बहुतेक गाड्यांत वरच्या वर उचकटून निघतो, काहींत पॅड काढावं लागतं. स्विचच्या पोटातल्या क्लिपा हळूच सोडवल्या की आत तराजूसारख्या झुलणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या दिसतात. तुमच्या बिघडलेल्या पट्टीच्या एका टोकाला काजळी असेल, बाजूच्या पट्ट्यांशी ताडून पाहिलंत की लगेच कळेल. झिरो पेपरने, म्हणजे अगदी बारीक सँडपेपरने, हलके घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बसवा. टिकलीच वितळून खड्डा पडला असेल तर मात्र घासकाम सहा महिनेच टिकतं, तेव्हा स्विच नवा घ्या. उघडताना पांढऱ्या कापडावर उघडा. आतल्या स्प्रिंगा तांदळाएवढ्या असतात आणि उडतात. मी एकदा अशी स्प्रिंग तासभर शोधली आणि ती माझ्याच शर्टच्या खिशात निघाली.

तुमचं काम इथे झालं. पण हाच नकाशा वापरून दुसरा एक हमखास बिघाड ओळखता येतो, तो सांगून ठेवतो. मास्टरवरून काच कुठेच हलत नाही, आणि दारावरच्या स्विचवरून फक्त एकाच दिशेने चालते. याचा अर्थ दोन स्विचमधली एक वायर तुटली. कुठे तुटली हे शोधायला पॅड काढायची गरजच नाही. दार उघडा, बिजागरीजवळ बॉडीतून दारात जाणारी रबरी नळी दिसेल, ती सरकवा. दार उघड-मीट होताना वायरी तिथेच वाकतात. मागच्या वर्षी रत्नागिरीहून एक टुरिस्टची गाडी आली होती. दोन मोटरी बदलून झाल्या होत्या. नळी मागे सारली तर लाल वायरीचं वरचं आवरण अखंड आणि आत तांबं हिरवं पडून भुगा झालेलं. चिमटीत धरून ओढली तर रबरासारखी लांबली. अखंड वायर ओढली तरी लांबत नाही, लांबली तर ती आतून तुटलेली असते. इथे मल्टिमीटरवर विसंबू नका. तांब्याचा एक धागा जरी शिल्लक असला तरी मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतं. हेडलाइट किंवा ब्रेकलाइटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावा, करंट खेचायची वेळ आली की त्या धाग्याचं पितळ उघडं पडतं.

बाकी निदान कानाने होतं. स्विच दाबल्यावर आवाज काहीच नाही पण आतला दिवा किंचित मंद होतो, तर करंट पोचतोय, मोटर किंवा काच अडकलीय. आवाज नाही, दिवाही मंद होत नाही, तर करंटच पोचत नाही. फ्यूज, स्विच, वायर बघा. मोटर घूं करून फिरते आणि काच जागेवर, तर तार तुटली किंवा काच धरणारं प्लास्टिक. कर्रर-कर्रर आवाज म्हणजे तारेचे धागे सुटून ड्रममध्ये अडकताहेत, आज-उद्या तुटणार. पाऊस सुरू आणि काच उघडी अडकली असेल तर एकाने स्विच धरून ठेवायचा, दुसऱ्याने मोटर असेल त्या जागी पॅडवर मुठीने हलक्या थापा मारायच्या. चालली तर मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन ब्रश झिजलेत. काच आधी वर करून घ्या आणि परत खाली करू नका, थेट गॅरेजला जा. आणखी एक, मुलांनी खेळून खेळून काच दहा-बारा वेळा वर-खाली केली आणि मोटर गप्प झाली तर घाबरू नका. आत तापल्यावर करंट तोडणारा छोटा रक्षक असतो. चहा पिऊन या, चालेल.

माझ्या अनुभवात 'मोटर हळू झाली' म्हणून येणाऱ्या गाड्यांत बऱ्याचदा मोटर निर्दोष असते, काच ज्या खाचेतून सरकते ते रबर वाळलेलं असतं. विदर्भातल्या गाड्यांचं तर चार-पाच उन्हाळ्यांत लाकूड होतं. त्यात धूळ बसते आणि काच सँडपेपरवरून घासल्यासारखी चढते. खाच ओल्या फडक्याने साफ करा, वाळू द्या, सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल कधीही नाही. रबर फुगतं आणि धूळ चिखल होऊन बसते. आमचे उस्ताद टाल्कम पावडर टाकायचे, चालायचीही. पण पहिल्या पावसात त्याचं पीठ मळलं जायचं.

पाण्याचं वेगळं. काचेवरचं पाणी दाराच्या आत जाणारच, दार तसंच बनवलेलं असतं. ते खालच्या कडेच्या भोकांतून निघून जातं. भोकं बुजली की दार मिटताना आत खळखळ ऐकू येतं. खराट्याचा हीर घालून मोकळी करा, दोन मिनिटांचं काम. आणि पॅडच्या मागे पत्र्यावर चिकटवलेलं प्लास्टिक असतं, ते पॅकिंगचं उरलेलं वेष्टन नव्हे. नवे स्पीकर बसवणारे ते टराटरा फाडून फेकतात. मग पाणी स्विचवर आणि पायाखालच्या गालिच्यावर.

आता 'एकदा दाबलं की काच आपोआप बंद' या सोयीबद्दल. साध्या मोटरला काच कुठपर्यंत आली हे माहीत नसतं. ही सोय असलेल्या मोटरच्या दांड्यावर छोटं गोल चुंबक आणि त्याच्या बाजूला हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक समोरून फिरलं की ओळखणारे सेन्सर, असतात. दांडा फिरेल तशा टिचक्या मोजल्या जातात. पूर्ण उघडी ते पूर्ण बंद एवढ्या प्रवासात मोटर दोन-तीनशे फेऱ्या घेते, म्हणून मोजमाप मिलिमीटरपर्यंत जमतं. टिचक्यांमधलं अंतर अचानक वाढलं तर मध्ये कोणाचा तरी हात किंवा मान आहे असं समजून मोटर उलटी फिरते. युरोपच्या आणि अमेरिकेच्या नियमांत आकडा सारखाच आहे. ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीत काच १०० न्यूटनपेक्षा जास्त जोराने दाबायच्या आत मागे फिरली पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे दहा किलोचं वजन अंगावर ठेवल्यासारखं. शेवटचे ४ मिलिमीटर वगळलेत, कारण तिथे काचेला रबरात घुसायलाच जोर लागतो.

यातूनच एक तक्रार येते, "काच बंद होते आणि स्वतःच खाली येते, भुताटकी आहे." भूतबित नाही, वाळलेल्या रबराला तिने हात समजलंय. रबर साफ केलं की भूत उतरतं. बॅटरी काढून लावल्यावर ही आपोआप बंद होण्याची सोय चालेनाशी होणं हाही बिघाड नाही, मोटर आपली मोजणी विसरलेली असते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर करून स्विच दोन-तीन सेकंद तसाच धरला की तिला पुन्हा शून्य सापडतो. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात असते.

मात्र एक लक्षात असू द्या. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत ही सुरक्षा फक्त ड्रायव्हरच्या काचेला असते. मागे मुलं बसतात, आणि त्या काचेची मोटर बोट आणि रबर यांत फरक करत नाही. मास्टरवरचं लॉक त्यासाठी आहे. पूर्वी दाबल्यावर काच वर जाईल असे झुलते स्विच असत आणि खिडकीतून डोकावणाऱ्या मुलाचा गुडघा त्यावर पडला की काच मानेवर. अमेरिकेत यावरून नियम झाला. आता बहुतेक स्विच वर ओढल्याशिवाय काच चढत नाही, ते उगाच नाही.

नव्या गाड्यांत वर सांगितलेली वायरिंगची मांडणी शोधू नका. तिथे स्विच नुसता निरोप देतो. एकाच बारीक वायरीवरून दाराच्या मॉड्यूलला, म्हणजे दारातल्या इलेक्ट्रॉनिक डबीला, 'डावी काच वर' असा संदेश जातो आणि मॉड्यूल मोटरला करंट देतं. या बारीक वायरींवर टेस्ट लॅम्प लावलात तर मॉड्यूलचा खर्च अंगावर येईल. तिथे स्कॅनरच हवा.

पाण्यात अडकलेल्या गाडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी काचेचा विषय निघाला की मला २६ जुलै २००५ आठवतोच. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत माणसं बंद गाड्यांत अडकून दगावली. पाणी चढायला लागलं की दार उघडायच्या मागे लागू नका, बाहेरचं पाणी ते दाबून धरतं. बेल्ट सोडा आणि लगेच काच खाली करा. पॉवर विंडो पाणी लागल्या क्षणी बंद पडत नाही, सुरुवातीचा थोडा वेळ ती चालते. पाणी काचेपर्यंत चढलं की मात्र त्याच्या दाबाने काच खाचेत आवळली जाते आणि मोटरला ओढवत नाही. मग फोडावी लागते. बाजूची काच, तीही कोपऱ्यात, टोकदार हातोडीने. पुढची काच दोन थरांची असते, तिच्यावर वेळ घालवू नका. हेडरेस्टच्या दांड्यांनी काच फोडायचे व्हिडिओ फिरतात, त्या भरवशावर राहू नका. छोटी हातोडी मिळते, ती डिकीत नको, हाताशी ठेवा.

आता आरसा. आरशाची काच मध्यभागी एका गोळ्यावर टेकलेली असते, वाटीत गोटी फिरावी तशी. मागे दोन चिमुकल्या मोटरी. एक वरच्या किंवा खालच्या बाजूला, दुसरी आडव्या बाजूला. प्रत्येक मोटर एक आट्यांची काडी पुढे-मागे करते. वरची काडी पुढे आली की काच खाली बघते, मागे गेली की वर. दोन मोटरींना मिळून तीनच वायरी असतात, एकेक स्वतंत्र आणि एक सामाईक. म्हणून डावी-उजवी चालते पण वर-खाली नाही, तर एका मोटरचा किंवा तिच्या वायरीचा दोष. काहीच हलत नाही, तर सामाईक वायर किंवा स्विच. काडी टोकाला पोचली की क्लच घसरतो आणि टिकटिक ऐकू येते, तो आवाज बरोबरच आहे.

मिटण्याचं काम वेगळी तिसरी मोटर करते, तीही काचेसारखी दोन वायरींची. ती आरशाच्या बुडाशी असते आणि तिच्या चाकावर जाड स्प्रिंगने दाबलेली खाचांची तबकडी बसते. बाहेरून धक्का लागला तर आरसा तुटू नये म्हणून या खाचा सुटतात आणि आरसा वळतो. तुमचं तेच झालंय. बाइकने ढकलल्यावर तबकडी आपल्या खाचेतून बाहेर आली. मोटर आपल्या हिशोबाने फिरते, आरसा भलत्याच जागी, आणि दात खाचांवरून उड्या मारत कट-कट करतात. आरसा हाताने पूर्ण आत मिटा, मग हाताने पूर्ण उघडा, कुठेतरी जोरात 'टक्' होईल. नंतर स्विचने दोन-तीनदा उघड-मीट करा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. तरीही कट-कट राहिली तर प्लास्टिकच्या चाकाचे दात गेलेत. तेव्हा मिटणारी मोटर तेवढीच बदला. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला ती सुटी मिळू शकते, पूर्ण आरसा घ्यायची गरज नाही.

काही गाड्यांत आरशाच्या मागे तापणारी पातळ फिल्म असते, मागच्या काचेवरची वाफ घालवणाऱ्या डिफॉगरचं बटण दाबलं की तीही चालू होते. जुलैत आंबोली घाट चढणाऱ्याने हे बटण एकदा दाबून बघावं, पुष्कळांना आपल्या गाडीत ते आहे हेच ठाऊक नसतं.

धक्क्यात तुमच्या आरशाची काचही तडकली असेल तर ती वेगळी मिळते. जुनी काढताना एक कड आत दाबा आणि समोरची कड बोटांनी ओढा, आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन मिनिटं वर धरलात तर क्लिपा तुटत नाहीत. मागे हीटरच्या दोन वायरी आहेत का ते बघूनच ओढा. नवी बसवताना तळहात काचेच्या मधोमध ठेवून दाबा, कडेला दाबलंत तर हातात तुकडे येतील. टक्-टक् असे आवाज आले की बसली.